शिडीवरचा रोबो

लॅडर लॉजिक रोबोसाठी जन्माला आलंच नव्हतं. १९६८-६९च्या सुमारास जनरल मोटर्सला रिलेंनी खचाखच भरलेली पॅनेलं नकोशी झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उपसायचं. तेव्हा डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) बनवला. लिहिण्याची पद्धत मात्र इलेक्ट्रिशियनच्या ओळखीची ठेवली: दोन उभ्या रेषा, मधे आडव्या पायऱ्या, डावीकडे कॉन्टॅक्ट, उजवीकडे कॉइल. अलिबाग तालुक्यातून आयटीआय करून थळला, डोलवीला किंवा पार चाकणला कारखान्यात कामाला लागणारा मुलगा ही शिडी पटकन वाचतो. आता त्याच शिडीवरून पोती रचणाऱ्या रोबोचा हात हलवायचा असतो.

अडचण इथेच आहे. पीएलसी सगळ्या पायऱ्या वरून खाली वाचतो आणि पुन्हा पहिलीवर येतो. एक फेरी काही मिलिसेकंदांची. त्याला होय-नाही कळतं. हाताला मात्र अखंड वाट हवी असते. कार्लेखिंडीतून उतरणारी एसटी प्रत्येक वळणावर थांबून पुन्हा निघाली, तर आतल्या माणसांचं काय होईल? बिंदूबिंदूवर थबकणाऱ्या रोबोच्या पकडीतल्या मालाचं तेच होतं. वेळ जातो, गिअर झिजतात, पोतं घसरतं.

रॉकवेल कंपनीच्या लॉजिक्स या पीएलसीमध्ये सरळ रेषेतल्या हालचालीची सूचना 'एमसीएलएम'. पायरी खोट्याची खरी होते त्या क्षणी ती एकदाच लागू होते; पुढची वाट आखण्याचं काम वेगळा मोशन टास्क ठरल्या वेळाने करत राहतो. नवशिका 'हालचाल पूर्ण' हा बिट खरा होईपर्यंत थांबतो आणि मग दुसरी सूचना देतो. अर्थातच हात थांबतो! एक हालचाल चालू असताना दुसरी रांगेत उभी राहू शकते, तिसरीला जागा नसते. म्हणून 'पोचलास का?' असं न विचारता 'रांगेत जागा आहे का?' असं विचारायचं. जागा झाली की पुढचा बिंदू द्यायचा. मग, हालचाल संपल्याची अट सैल ठेवली असेल तर, पहिल्या हालचालीचा वेग उतरत असतानाच दुसरीचा चढतो आणि कोपरा गोल होतो. सगळं कसब या एका बदललेल्या कॉन्टॅक्टमध्ये आहे, असं मला मनापासून वाटतं.

कोपरा गोल झाला, की हात बिंदूला शिवत नाही, जवळून जातो. मोकळ्या हवेत ते चालतं. पण ४५ किलोचं युरियाचं पोतं उचलताना किंवा थरावर ठेवताना तिथे नेमकं टेकायलाच हवं. त्या हालचालीला 'जागेवर पोचल्यावरच पूर्ण' हीच अट लावायची. शिवाय वेगाचा आलेख समलंबाऐवजी एस-वक्र ठेवायचा, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा हिसका कमी होतो.

रोबोच्या स्वतःच्या भाषेत हे सोपं असतं हे खरं. चाकणला बजाज ऑटोने २०१० पासून युनिव्हर्सल रोबोट्सचे कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी काम करणारे रोबो, कामाला लावले. त्यांच्यात कोपऱ्याची त्रिज्या आकड्यात टाकली की झालं. तरीही शिडीची बाजू मी घेईन. रात्रपाळीत लाइन बंद पडली की मेंटेनन्सचा माणूस पॅनेलला लॅपटॉप जोडतो आणि कोणता कॉन्टॅक्ट अडलाय ते त्याला तिथल्या तिथे उजळलेलं दिसतं.

फक्त एक गोष्ट त्याच्यासाठी लिहून ठेवायला हवी. रांगेत पुढचा बिंदू आधीच दिलेला असतो, त्यामुळे प्रोग्रॅममधला स्टेपचा आकडा हाताच्या पुढे धावतो. मधेच रोबोभोवतीच्या सुरक्षा कुंपणाचं दार उघडलं, रांग पुसली गेली, तर चौथा बिंदू देऊन आकडा पाचवर गेलेला असेल आणि हात तिसऱ्याच्या अलीकडे असेल. तिथून 'पुढे चालू' केलं, तर तो आडवा कापत जाईल आणि रचलेल्या थरावर आदळेल. म्हणून खरोखर पार झालेल्या बिंदूची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवायची, आणि पुन्हा सुरू करताना हात आधी सरळ वर उचलायचा.