पेटी इथे, प्रत दूर गावी

मी लोहाऱ्याहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून माझं काम म्हणजे बैठका, वह्या, रजिस्टरं, आणि आता त्यात लॅपटॉप, टॅब अन् मोबाईलची भर. आजचा विषय त्या लॅपटॉपमधल्या हिशोबाचा आहे. तो हरवू नये म्हणून त्याची एक प्रत गावापासून लांब, दुसऱ्याच ठिकाणी कशी ठेवायची, ते सांगणार आहे. याला बॅकअप म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी काम आपल्या ओळखीचं आहे. घरचं बियाणं राखणारी जुनी बाई सगळं बियाणं एका कणगीत भरत नसे. थोडं घरी, थोडं माहेरी, थोडं जावेकडे. एकीकडे भुंगा लागला किंवा पाणी शिरलं तरी पेरणी अडत नव्हती.

आधी आपल्याकडचीच एक गोष्ट सांगते. गावाचं नाव घेत नाही. एका गटाने हौसेने सगळा हिशोब लॅपटॉपवर घेतला. बारा बाया, तीन वर्षांची बचत, अंतर्गत कर्ज, हप्ते, सगळं एका एक्सेलच्या फाईलमध्ये. काम इतकं छान व्हायला लागलं की कर्जाची वही लिहिणंच बंद झालं. मग मृगाच्या पहिल्या गडगडाटात वीज पडली. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता, तो गेला. यवतमाळला दुकानात नेला, तर दुरुस्ती करणारा म्हणाला, आतली डिस्कच जळली. त्या फाईलची दुसरी प्रत होती का? होती. पेन ड्राइव्हमध्ये. आणि पेन ड्राइव्ह त्याच लॅपटॉपला लावलेला होता.

मग पासबुकं गोळा केली, बैठकीचं इतिवृत्त काढलं, बँकेचा उतारा आणला आणि महिनाभर बसून हिशोब परत जुळवला. बराचसा जुळला. एका ताईचा जुळला नाही. ती म्हणे, माझं कर्ज फिटलं. सचिव म्हणे, तीन हप्ते बाकी आहेत. पासबुकात दोन हप्त्यांच्या सह्या सापडल्या, तिसऱ्याची नाही. शेवटी गटाने ठराव करून तो हप्ता सोडून दिला. पैसे थोडेच होते. पण ती ताई पुढच्या बैठकीपासून आली नाही. "माझ्यावर उपकार केल्यासारखं झालं," असं म्हणाली. वीज लॅपटॉपवर पडली, पण तुटलं ते हे असं.

आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. लेखे शेवटी येतात म्हणून ते कमी महत्त्वाचे वाटतात. बँकेच्या बाजूने बघा. उमेदच्या गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण द्यावं लागत नाही. मग बँक कशाकडे बघते? आपल्या नोंदींकडेच. घर, वावर, दागिना काही गहाण नाही, तिथे तीन वर्षांचा स्वच्छ हिशोब हीच आपली पत असते. तो हिशोब एका यंत्रात एकटा ठेवायचा का, हा प्रश्न आहे.

हे फक्त खेड्यात होतं असं समजू नका. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वरच्या मजल्यांपर्यंत गेली. माणसं दगावली आणि फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे जळाले. ज्या फायली स्कॅन होऊन संगणकात गेल्या होत्या, त्यांतली माहिती हाताशी राहिली. ज्या नुसत्या कागदावर होत्या, त्या इतर कार्यालयांतल्या प्रतींवरून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. म्हणजे कुठेतरी लांब दुसरी प्रत होती, तीच कामाला आली.

पण नुसतं संगणकात गेलं म्हणून वाचलं, असंही नाही. दक्षिण कोरिया हा देश संगणकात किती पुढे. तिथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रं ज्या साठ्यात ठेवत, तो ८५८ टेराबाइटचा साठा तिथे जळून गेला. इतक्या मोठ्या साठ्याची प्रत बाहेर ठेवणं अवघड, म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती. मला ही बातमी वाचून त्या पेन ड्राइव्हची आठवण झाली. पेन ड्राइव्ह लहान आणि ते केंद्र मोठं, एवढाच फरक.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की प्रत त्याच खोलीत असेल तर ती प्रत धरू नका. त्याच कपाटात, त्याच बॅगेत, त्याच घरात असेल तर चोर, पाणी, आग आणि वीज दोन्ही एकदम नेतात. जुलै २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यात काय पाऊस झाला, ते तुम्ही पाहिलंच आहे. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं. अशा वेळी जीव वाचवायचा की कपाटातली वही काढायची?

पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकी छायाचित्रकाराने आपले फोटो जपता जपता एक सोपा नियम सांगितला. तो आता जगभर वापरतात. तीन-दोन-एक. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्या गटासाठी त्याचा अर्थ असा. एक लॅपटॉपमध्ये, एक पेन ड्राइव्हमध्ये, जो अध्यक्षाच्या घरी राहील, आणि एक इंटरनेटवरून दूरच्या साठ्यात. कागदी वही लिहिणं बंद करू नका, असं मी वर आणखी म्हणेन. वहीला चार्जिंग लागत नाही.

आता हा दूरचा साठा म्हणजे काय? लोक त्याला क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग. केंद्र सरकारने तर आपल्या साठ्याचं नाव 'मेघराज' ठेवलं आहे. पण आभाळात काही नसतं. आपण पाठवलेली फाईल कुठल्यातरी मोठ्या इमारतीतल्या संगणकात जाऊन बसते. तिथे चोवीस तास वीज, थंड हवा आणि पहारा असतो. अशा इमारती आपल्या महाराष्ट्रातही आहेत, नवी मुंबई आणि पनवेलच्या बाजूला बऱ्याच उभ्या राहिल्या आहेत. आपण दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो, तसंच हे. फरक असा की लॉकरमध्ये दागिना ठेवला की घरी राहत नाही. इथे फाईल घरीही राहते आणि तिथेही जाते.

गटासाठी यातलं सगळ्यात सोपं म्हणजे ईमेल खात्याबरोबर मिळणारी जागा. जीमेलचं खातं उघडलं की गूगल ड्राइव्हमध्ये १५ जीबी जागा फुकट मिळते. किती झाली ती? मोबाईलचा एक फोटो साधारण ३ एमबीचा धरला, तर पाच हजारांच्या आसपास फोटो. हिशोबाची एक्सेल फाईल तर एका फोटोपेक्षाही लहान असते. तेव्हा जागा पुरत नाही ही तक्रार गटाच्या हिशोबाची नसते, ती लग्नाच्या व्हिडिओंची असते. ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांना मिळून ती जागा आहे, म्हणून गटाचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात घरचे फोटो जाऊ देऊ नका.

वेगळं खातं म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. पुष्कळ ठिकाणी गटाची फाईल सचिवाच्या नाहीतर सीआरपी ताईच्या स्वतःच्या खात्यात असते. ती ताई लग्न होऊन गेली, काम सोडलं, नंबर बदलला, की फाईल असूनही नसल्यासारखी. आपल्याकडे रीत आहे ना, पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी? तीच इथे लावा. खातं गटाच्या नावाने उघडा. पासवर्ड सचिवाकडे, आणि खातं परत मिळवण्यासाठी जो मोबाईल नंबर मागतात तो अध्यक्षाचा द्या. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, म्हणजे पासवर्ड कोणाला कळला तरी फोनवर संमती दिल्याशिवाय खातं उघडत नाही. त्याच ठिकाणी दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून पाकिटात बंद करून गटाच्या पेटीत ठेवा. फोनच हरवला तर त्या कोडने आत जाता येतं. पदाधिकारी बदलले की पासवर्ड आणि नंबर बदला, आणि तसं इतिवृत्तात लिहा. बँकेतल्या सह्या बदलतो तसंच.

नेटवर्कचा प्रश्न मला माहीत आहे. फाईल चढताना चाक फिरत राहतं आणि बाई कंटाळून बंद करते. पहिल्या वेळी जास्त जातं, हे खरं. नंतर फक्त नवीन किंवा बदललेली फाईल पाठवायची असते. जिथे नेट बरं आहे, ग्रामपंचायतीत किंवा शाळेजवळ, तिथे बसून पाठवा, नाहीतर रात्री उशिरा लावून ठेवा. टॅबवर लोकओएसमध्ये नोंदी भरणाऱ्या ताईंनाही हेच सांगते. नोंद भरली म्हणजे ती पोहोचली असं नाही. अपलोड झाल्याची खूण दिसेपर्यंत ती तुमच्या टॅबमध्येच आहे, आणि टॅब पडला तर तीही पडली.

"आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवतो," असं बऱ्याच जणी सांगतात. निरोप द्यायला ते ठीक आहे. साठवायला नाही. तिथे फोटो बारीक होतो, आकडे पुसट येतात, आणि सहा महिन्यांनी जुना फोटो उघडायला गेलं की पुन्हा उतरत नाही. शिवाय ज्या ग्रुपवर दिवसाला पन्नास 'शुभ सकाळ' येतात, तिथे ठरावाची प्रत शोधणार कोण?

आता थोडी अवघड गोष्ट सांगते, पण ऐकण्यासारखी आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरमधून एक व्हायरस जगभर पसरला. मेर्स्क नावाची जहाजांची मोठी कंपनी त्यात सापडली. आपल्या उरणजवळ जेएनपीटी बंदर आहे, तिथलं त्या कंपनीचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीच्या जाळ्याचा सगळा कारभार सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि ते एकमेकांची नक्कल आपोआप ठेवत. एक बंद पडला तर दुसरा आहे, अशी निश्चिंती. पण सगळे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशात. का वाचला? त्या वेळी तिथली लाईन गेली होती! सर्व्हर बंद होता म्हणून व्हायरस त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्यातली माहिती विमानाने माणसाच्या हाती इंग्लंडला नेली आणि तिच्या आधाराने कारभार पुन्हा उभा केला. तरी ४५ हजार संगणकांवर सगळं नव्याने भरायला दहा दिवस लागले. लोडशेडिंगचं कौतुक करायची वेळ आपल्यावर कधी येत नाही, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते.

आपल्यासाठी यात महत्त्वाचं हे, की आपोआप जुळत राहणारी प्रत आणि बाजूला ठेवलेली प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉप आणि ड्राइव्ह जोडून ठेवले असतील आणि लॅपटॉपवरची फाईल पोराने खेळता खेळता पुसली, तर ती ड्राइव्हवरूनही पुसली जाते. तिथल्या कचऱ्याच्या टोपलीत ती तीस दिवस राहते, तेवढ्यात काढली तर मिळाली. म्हणून महिन्याची बैठक झाली की फाईलला त्या महिन्याचं नाव देऊन वेगळी प्रत चढवा. 'हिशोब जून', 'हिशोब जुलै' अशी. जुनी पुसून नवी ठेवायची नाही. आणि अध्यक्षाकडचा पेन ड्राइव्ह काम झालं की लॅपटॉपमधून काढायचा. लावून ठेवला की तो पुन्हा लॅपटॉपचाच भाग झाला.

काय ठेवायचं नाही, तेही ऐका. सभासदांची आधार कार्डं आणि बँक पासबुकं गटाच्या खात्यात गेली तर ती फाईल वाटताना 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय कधी निवडू नका. ती लिंक गावभर फिरायला वेळ लागत नाही. आपापली वैयक्तिक कागदपत्रं, आधार, मार्कशीट, प्रत्येकीने आपल्याच डिजिलॉकरमध्ये ठेवलेली बरी. २०१५ पासून ही सरकारी सोय आहे, आणि सरकारी खात्याने तिथे थेट दिलेलं प्रमाणपत्र मूळ कागदासारखंच धरलं जातं. आपण फोटो काढून चढवलेला कागद मात्र तसा धरत नाहीत, हा फरक लक्षात असू द्या. आणि "तुमची जागा भरली, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. जागा भरल्याचं कोणी फोन करून सांगत नाही.

प्रत ठेवली, आता ती उघडते का ते बघायला हवं. हे काम जवळजवळ कोणीच करत नाही. तीन महिन्यांतून एकदा, बैठकीतच, दुसऱ्याच ताईच्या फोनवर गटाचं खातं उघडा, मागच्या महिन्याची फाईल उतरवा आणि कोणत्याही एका सभासदाचं पासबुक घेऊन आकडा ताडून बघा. जमलं तर प्रत खरी. काम झालं की त्या फोनवरून खातं बंद करायला विसरू नका. यात आणखी एक फायदा होतो. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. तीन महिन्यांनी उघडत राहिलात तर ती भीती उरत नाही.

३१ मार्च हा जगात बॅकअप दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी वर्षाचा हिशोब बंद होतो, तेव्हा तारीख वेगळी पाठ करायला नको. वर्षाची शेवटची बेरीज झाली, सह्या झाल्या, की त्या पानांचा उजेडात सरळ फोटो घ्या. चारही कोपरे दिसले पाहिजेत. वर्षाचं नाव देऊन तो गटाच्या खात्यात चढवा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह अध्यक्ष ताईंच्या हाती द्या. ज्या गटांना खातं उघडायला अडचण आहे, त्यांनी पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला अध्यक्ष आणि सचिव दोघींनी आपापला मोबाईल पूर्ण चार्ज करून आणावा. एका गटाला अर्धा तास पुरतो.