जुना ड्रमसेट हाती आलाय? नव्यासारखा करावा की आहे तसाच जपावा?

माळ्यावरून किंवा एखाद्या जुन्या वादकाकडून १९६० च्या दशकातला ड्रमसेट हाती आला, की पहिली इच्छा होते ती तो घासूनपुसून चकचकीत करण्याची. पण जरा थांबा. कारण काही दुरुस्त्या अशा असतात की, एकदा केल्या की मागे फिरता येत नाही.

जुन्या सेटला किंमत कशामुळे येते?

शिकागोच्या लडविग कंपनीचं उदाहरण घेऊया. बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याने १९६३ मध्ये लडविगचा सेट घेतला. फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या 'एड सुलिव्हन शो'मध्ये तो लडविग वाजवताना दिसला आणि या ड्रमची मागणी प्रचंड वाढली. त्याचा १९६३ चा सेट डिसेंबर २०१५ मध्ये लिलावात २० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला.

अर्थात, ती किंमत रिंगोच्या नावाची. त्याच काळातल्या साध्या सेटची किंमत मुख्यतः तो मूळ स्थितीत किती उरला आहे यावर ठरते. कंपनीचा बिल्ला, मूळ आवरण, आतल्या बाजूचा तारखेचा शिक्का हे सगळे त्याचे पुरावे.

काय बदललं तर चालतं?

वापराने झिजणारे भाग. तबल्याची पुडी बदलतो, तसंच ड्रमवरचं हेड बदलायचं. स्नेअरच्या तारा, फेल्ट, वॉशर यांचंही तेच. धूळ पुसणं, स्क्रूंना थोडं तेल देणं यातही धोका नाही. मात्र काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवा.

कशाला हात लावू नये?

* आवरण : मोत्यासारखं चमकणारं प्लास्टिकचं आवरण काळाने पिवळं पडतं, फिकट होतं. ते काढून नवं लावलं, तर जुनं परत मिळत नाही.
* कडा : हेड ज्या लाकडी कडेवर टेकतं, तिच्यावर आवाज अवलंबून असतो. नवं हेड घट्ट बसतंय म्हणून ती तासू नका.
* भोकं : नवा स्टँड बसवण्यासाठी पाडलेलं भोक बुजवलं तरी खूण राहते.
* आतली बाजू : पॉलिश पेपर किंवा रंग मारला, की तारखेचा शिक्का गेलाच.
* क्रोम : लडविगच्या अनेक ॲल्युमिनियम स्नेअरवर क्रोमला बारीक खड्डे पडतात, पापुद्रे सुटतात. तारेच्या घासणीने ते वाढतातच.

मग निर्णय कसा घ्यायचा?

सेट बराचसा मूळ स्थितीत असेल, तर स्वच्छता आणि नवी हेड एवढ्यावर थांबा. आधीच कुणी रंगवला असेल, भोकं पाडली असतील किंवा वेगवेगळ्या सेटमधले ड्रम एकत्र केले असतील, तर गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. असा सेट मनासारखा दुरुस्त करून खुशाल वाजवा. शेलचे थर सुटत असतील किंवा कडा तुटली असेल, तर जाणकार कारागिराकडेच द्या आणि आधी सगळीकडून फोटो काढून ठेवा.

शंका असेल, तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे उद्या पूर्ववत करता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर आज ते काम करू नका. नवं आवरण पुढच्या वर्षीही लावता येईल. फाडलेलं जुनं मात्र कुठेच मिळणार नाही.