घराची सजावट : खोली रंगवा, पण सुताचे पैसे मोडू नका

लग्नसराई किंवा ईद जवळ आली की घरोघरी एकच विषय निघतो. भिंती काळवंडल्या, पडदे विटले, पाहुणे येणार, काहीतरी केले पाहिजे. गोष्ट खरी आहे आणि घर साफसुथरे असावे याला कोणी नकार देणार नाही. परंतु आमच्यासारख्या लहान व्यापाऱ्याच्या घरात प्रश्न फक्त रंगाचा नसतो. आपल्याकडे दुकानाचा गल्ला आणि घरचा डबा यांत भिंत नसते. घराचा खर्च वाढला की तो सरळ भांडवलातून जातो, आणि त्याचा हिसाब कोणी वहीत लिहीत नाही.

मालेगावात आमच्या मोहल्ल्यातील एका कारखानदाराचे उदाहरण घ्या. मुलाच्या लग्नासाठी दोन खोल्यांचे काम त्यांनी ठेकेदाराला उक्ते दिले. छताला पीओपी, भिंतीला चमकदार रंग, तयार पडदे, नवा सोफा. ठेकेदार प्रत्येक शनिवारी पैसे मागत गेला आणि सूत खरेदीसाठी ठेवलेली रक्कम हळूहळू त्यात गेली. नेमके त्याच सुमारास सुताचा भाव चढला. उधारीवर सूत मिळेना, म्हणून आठ मागांपैकी पाच (आमच्याकडे मागाला सांचा म्हणतात) तीन आठवडे बंद राहिले. विणकर दुसरीकडे कामाला गेले. खोली मात्र छान झाली होती, यात शंका नाही.

त्याच गल्लीत कांड्या भरण्याचे काम करणाऱ्या एका कुटुंबाने आपली दहा बाय बाराची खोली चार शुक्रवारांत स्वतः सजवली. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, सगळे घरी असतात. पहिल्या शुक्रवारी खरवडणे, दुसऱ्या शुक्रवारी लांबी भरून घासणे, तिसऱ्या शुक्रवारी रंग, चौथ्या शुक्रवारी पडदे आणि गाद्या. बाहेरचा माणूस फक्त एक आला, तो वायरमन. या कामाची पद्धत वाचकांसमोर ठेवावी असे वाटले.

सुरुवात ओलीपासून करावी. ओल असलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावा, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. ओल आतून आहे की नाही हे पाहण्याची साधी रीत अशी : प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून एक दिवस आणि एक रात्र ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतच आहे. मग आधी गच्चीची भेग किंवा मोरीचा पाइप दुरुस्त करावा, भिंत वाळू द्यावी आणि मगच रंगाकडे वळावे. पांढरा लोणा आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीत मुरतात.

जुना रंग खरवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरगुती रंगात शिसे 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगात, विशेषतः दारे, खिडक्या आणि लोखंडी गजांवरील पिवळ्या, लाल, हिरव्या रंगात शिसे असण्याची शक्यता बरीच आहे. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये. पाणी शिंपडून ओला करून काढावा, तोंडाला कपडा नव्हे तर धुळीचा चांगला मास्क लावावा, कचरा पिशवीत बांधून टाकावा, आणि त्या दिवशी मुलांना व गरोदर बाईला शेजारी किंवा मामाकडे पाठवून द्यावे. घरच्यांनी मदत करावी म्हणजे सहा वर्षांच्या पोराच्या हातात पॉलिश पेपर द्यावा असे नाही. त्याला ब्रश धुवायला किंवा चहा आणायला ठेवा, तोही खूश आणि आपणही.

आता रंग कोणता? ज्यांच्या घरात पुढे माग आणि मागे बिऱ्हाड आहे, त्यांनी मागाच्या खोलीला चुनाच द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. तूस भिंतीवर बसतोच. दर वर्षी चुन्याचा एक हात दिला की खोली उजळते आणि खर्च नगण्य. चुना भिजवताना पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये, कारण तो उकळून अंगावर उडतो. डोळ्यांत गेल्यास नजर जाऊ शकते, म्हणून हे काम मोठ्यांनीच चष्मा लावून करावे. रात्रभर भिजलेला चुना फडक्यातून गाळावा, त्यात डिंकाचे पाणी आणि थोडी नीळ घालावी. बसण्याच्या खोलीला डिस्टेंपर किंवा इमल्शन चालेल, पण जुन्या चुन्याचे थर पूर्ण खरवडल्याशिवाय नाही, नाहीतर नवा रंग चुन्यासकट सुटून येतो.

रंग किती लागेल हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा स्वतः मोजावे. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. चार भिंतींची लांबी 44 फूट, म्हणजे 440 चौरस फूट. दार 21 आणि खिडकी 16 वजा केल्यास 403. छताचे 120 मिळवले की 523. समजा डब्यावर दोन हातांसाठी लिटरला 60 चौरस फूट लिहिले असेल तर नऊ लिटर पुरतात. 20 लिटरची बादली घेण्याचे कारण नाही. ठेकेदाराला काम द्यायचेच असेल तर मजुरी वेगळी आणि माल वेगळा असा व्यवहार ठरवावा आणि माल स्वतः आणावा. पुष्कळ कंपन्यांच्या डब्यात कारागिरासाठी टोकन किंवा कूपन असते. त्याची किंमत शेवटी डब्याच्या भावातच असते, हे व्यापारी माणसाला सांगायला नको.

पडदे आणि खोळी हा तर आमचाच धंदा, तेव्हा थोडे सविस्तर सांगतो. तयार पडद्याच्या किमतीत कपड्याचा वाटा पाहिला तर नवल वाटेल. बाकी शिलाई, पॅकिंग आणि नाव. ज्या घरात शिलाई मशीन आहे त्या घराने तयार पडदा का घ्यावा? चार फूट रुंद खिडकीला चुण्या नीट पडण्यासाठी दुप्पट रुंदी लागते, म्हणजे 96 इंच. 48 इंच पन्ह्याचे दोन तुकडे जोडले की झाले. उंची 60 इंच हवी असेल तर वरच्या दुमडीला 6, खालच्या दुमडीला 4 आणि आटण्यासाठी आणखी 4, असे 74 इंच. दोन तुकड्यांचे 148 इंच, म्हणजे चार मीटर कापडात खिडकी झाकून थोडी कतरणही उरते.

सुती कापड शिवण्याआधी धुतलेच पाहिजे. मांजरपाट किंवा ग्रे कापडात ताण्याची कांजी असते. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात साबणाने धुतले की कांजी निघते, कापड मऊ होते आणि जे आटायचे ते आधीच आटून जाते. न धुता शिवलेला पडदा पहिल्या धुण्यात वीतभर वर चढतो आणि शिव्या दुकानदाराला मिळतात! रंगीत कापड घेताना सगळ्या खिडक्यांचे एकाच ताग्यातून किंवा निदान एकाच लॉटमधून घ्यावे. दुसऱ्या लॉटची छटा दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये सारखी दिसते, घरी उन्हात वेगळी. तागा बाहेर दारात नेऊन पाहण्यात संकोच करू नये, चांगला दुकानदार स्वतःच नेतो. मागाजवळच्या खोलीत खरखरीत किंवा लोकरी पोताचा पडदा नको, त्यात तूस अडकतो. तिथे सपाट, घट्ट विणीचे सुती कापड बरे.

फेंट आणि कटपीस हाही चांगला मार्ग आहे. उशीचे अभ्रे, टेबलाचे कापड, दिवाणाच्या लोडाची खोळ यांना अख्खा तागा लागत नाही. वजनावर मिळणाऱ्या फेंटमध्ये मात्र प्रत्येक तुकडा उघडून उजेडासमोर धरावा. तुटलेला ताणा आणि तेलाचा डाग तिथेच दिसतो.

नव्या फोमच्या गादीचा मोह पुष्कळांना होतो. परंतु जुन्या गादीत चांगला कापूस असेल तर तो फेकण्यासारखा नाही. पिंजाऱ्याकडून पिंजून घेऊन नव्या पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीत भरला की गादी पुन्हा वर येते. आपल्याच पिंजारी, मन्सुरी बांधवांचा हा पिढीजात हुन्नर आहे आणि त्यांचे काम फोमने किती खाल्ले हे सर्वांना माहीत आहे. गादी बैठकीला वापरायची असेल तर वर सोलापुरी चादर घालावी. बारा महिने धुतली तरी नक्षी जात नाही, कारण ती छापलेली नसून विणलेली असते.

लाकडी कपाटाला लाख आणि स्पिरिटचे पॉलिश घरी देता येते, परंतु खिडक्या उघड्या ठेवून आणि चूल, गॅस, बिडी दूर ठेवून. विजेच्या कामाला मात्र घरच्या पोरांनी हात लावू नये. रंगाच्या दिवशी मेन स्विच बंद ठेवावा आणि सैल बटणे, उघड्या तारा वायरमनकडून बदलून घ्याव्यात.

वेळेचाही विचार हवा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2025 साली ईदुल फित्र मार्चअखेर आली, म्हणजे आता काही वर्षे रमजानपूर्वीचा काळ कोरड्या हवेचा आहे, भिंती लवकर वाळतात. शाबानमध्ये रंगारी आणि शिंपी दोघांनाही फुरसत नसते आणि मजुरीही चढलेली असते. काम रजबमध्येच काढले तर भाव करता येतो, पडद्याचे कापडही गर्दीआधी निवांत पाहून घेता येते.

आणि शेवटी हिसाबाची गोष्ट. घरखर्चासाठी दुकानातून उचललेली रक्कम वहीत घराच्या नावे तारखेसह लिहावी, मग ती 500 असो की 50,000. सूत किंवा माल खरेदीची पुढील एका महिन्याची रक्कम आधी बाजूला काढावी, उरलेल्यातून खोली ठरवावी. दोन खोल्यांचे पैसे नसतील तर यंदा बैठकीची खोली करावी आणि आतली पुढच्या वर्षी.