पिकअपचा सायलेन्सर बदलताना

पिकअपचा आवाज वाढला की मालक दोन ठिकाणी चौकशी करतो. सर्व्हिस सेंटरमध्ये कंपनीच्या पूर्ण सायलेन्सरचा भाव ऐकून त्याला घाम फुटतो. मग हायवेलगतच्या सायलेन्सरवाल्याचा भाव ऐकला की मनात शंका येते, एवढा स्वस्त कसा? दोन्ही वेळा त्याचं चुकत नाही. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त या गाड्यांवर आपल्याकडे भाजी, दूध, खाद्य, सिमेंट, मंडपाचं सामान असं सगळं वाहिलं जातं. इथे सायलेन्सर बदलणं हा हौसेचा भाग नसतो. गाडी उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं गेलं. त्यामुळे प्रश्न एवढाच असतो की बाहेरचा सायलेन्सर घ्यायचा तर कोणता, आणि कुठपर्यंत.

‘कुठपर्यंत’ हे आधी ठरवावं लागतं, कारण आपण सरसकट ज्याला सायलेन्सर म्हणतो तो एक भाग नाही. इंजिनातून निघालेला धूर आधी मॅनिफोल्डमध्ये येतो, तिथून टर्बोचं चाक फिरवून पुढच्या पाइपात उतरतो. त्या पाइपात जाळीदार, लवचिक तुकडा असतो. त्यानंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बऱ्याच बीएस ६ डिझेल गाड्यांत त्याला लागून काजळी अडवणारा डीपीएफ, मग मधला पाइप, आवाज मारणारा डबा आणि शेवटी टेल पाइप. मोठ्या आवाजाचं कारण यातल्या एखाद्याच तुकड्यात असतं. दुकानदार मात्र पूर्ण सेट दाखवतो.

बहुतेक वेळा खराब होतो तो मागचा भाग. याचं कारण रस्त्यावरच्या पाण्यापेक्षा आतल्या पाण्यात जास्त आहे. डिझेलमधला हायड्रोजन जळला की पाणी होतं, आणि हिशेब केला तर एक लिटर डिझेलमागे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. पुढचा पाइप इतका तापलेला असतो की तिथे वाफ थांबत नाही. डबा इंजिनपासून लांब, म्हणून तो उशिरा तापतो. शेतातून गावात, गावातून डेअरीवर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा डबा कधी पूर्ण तापतच नाही. वाफेचं पाणी होऊन तळाला साचतं, त्यात धुरातली आम्लं उतरतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. रोज नाशिकहून मुंबईला जाणाऱ्या गाडीचा डबा म्हणूनच गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीपेक्षा जास्त टिकतो, किलोमीटर कितीतरी पट जास्त होऊनसुद्धा. पूर्वी डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं, तेव्हा ही आम्लं आणखी तीव्र होती. २०२० पासून मिळणाऱ्या बीएस ६ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भाग एवढी खाली आली आहे. पण पाणी तेवढंच निघतं.

काही डब्यांच्या तळाला एक बारीक भोक असतं. ते साचलेलं पाणी गळून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं. ‘लीक आहे’ म्हणून ते वेल्डिंगने बुजवणारे कारागीर भेटतात. तसं करू देऊ नका.

कोकणात याच्या जोडीला बाहेरूनही मार बसतो. खारी हवा आणि चार महिने चिखल, त्यात तापलेल्या पाइपावर ओढ्याचं पाणी. तिथल्या गाडीसाठी पत्र्याचा दर्जा हाच पहिला मुद्दा. मराठवाड्यातल्या कोरड्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला तो निकष इतका कडक लावायची गरज नाही.

दोष शोधायला लिफ्ट लागत नाही. गाडी थंड असताना खाली वाकून प्रत्येक जोड पाहावा. धूर निसटतो तिथे काळा डाग पडलेला असतो. डब्याच्या तळाला स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. पत्रा चांगला असेल तर तो ठणठणीत लागतो, कुजलेला असेल तर टोक आत जातं. डबा हाताने हलवल्यावर आत काही खडखडलं तर आतले पडदे सुटले आहेत. मग एकाने गाडी सुरू करावी आणि दुसऱ्याने जाड कापडाने टेल पाइपचं तोंड दोन-तीन सेकंद अडवावं. कुठे फुस्स आवाज आला ते लगेच कळतं. हे उघड्यावरच करा, बंद शेडमध्ये नको. जोडाचं गॅस्केट किंवा क्लॅम्प एवढंच गेलेलं असेल तर काम तिथेच संपतं.

बाहेरचा माल कुठे चालतो, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कन्व्हर्टर आणि डीपीएफच्या मागचं सगळं बाहेरून घ्यायला हरकत नाही. त्यांच्यासह पुढचं सगळं कंपनीचं, किंवा कंपनीने मान्य केलेलंच असावं.

आता डबा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्ट एकदा फिरला की दोन स्फोट होतात. म्हणजे २४०० आरपीएमला सेकंदाला ८० धक्के पाइपात येतात. डब्यात हे धक्के एका कप्प्यातून दुसऱ्यात, भोकं पाडलेल्या नळ्यांतून फिरवले जातात. कप्प्यांच्या भिंतींवरून परतणारी लाट नव्याने येणाऱ्या लाटेला छेद देते आणि आवाज बराचसा आतच मरतो. काही डब्यांत नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते, ती वरच्या पट्टीतला आवाज शोषते. कप्प्यांची लांबी आणि भोकांची संख्या इंजिनाच्या मापाने ठरवलेली असते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त डब्यात मात्र कप्पे कमी असू शकतात, किंवा आत नुसती भोकांची एकच नळी.

डबा कापून पाहता येत नाही, पण वजन करता येतं. कंपनीच्या जुन्या डब्याचं वजन माहीत करून घ्या आणि दुकानातला डबा काट्यावर ठेवा. गंजून पत्रा झडलेल्या जुन्या डब्यापेक्षाही नवा हलका भरला तर तो घेऊ नका, मग भाव काहीही असो. टोकाच्या झाकणाची दुमड आणि वेल्डिंगची रेघ सलग आहे का, तेही पाहा. ठिपक्याठिपक्यांचं वेल्डिंग पहिल्या पावसाळ्यातच तोंड उघडतं.

पत्र्याचे साधारण चार प्रकार समोर येतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे साधं लोखंड आणि त्यावर चंदेरी रंग. हा रंग काही आठवड्यांत जळून जातो. दुसरा ॲल्युमिनियमचा थर दिलेला पोलादी पत्रा. तो उष्णता चांगली सोसतो, पण वेल्डिंगच्या जागी थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्या जागेवर उष्णतारोधक रंग मारून घेतला की आयुष्य वाढतं. तिसरा ४०९ ग्रेडचा स्टेनलेस, ज्यात सुमारे ११ टक्के क्रोमियम असतं. वर तपकिरी गंज दिसतो, पण तो खोल जात नाही. चौथा ३०४, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. हा भांड्यांसारखा चकचकीत राहतो आणि महागही असतो. दुकानदार ‘स्टील आहे’ म्हणाला तर चुंबक लावून पाहा. ३०४ ला चुंबक जवळपास चिकटत नाही. ४०९ ला चिकटतं, साध्या लोखंडालाही चिकटतं, त्यामुळे ४०९ ची खात्री फक्त बिलावर ग्रेड लिहून घेऊनच होते. माल वाहणाऱ्या गाडीला ३०४ ची गरज नाही. ॲल्युमिनियम थराचा किंवा ४०९ चा डबा, पत्रा १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, एवढं मिळालं तर पुरे.

एक गोष्ट मात्र अजिबात नको, ती म्हणजे पाण्याच्या लाइनीचा जीआय पाइप. त्यावरचा जस्ताचा थर ४२० अंशांच्या आसपास वितळतो आणि वेल्डिंग करताना त्याचा धूर कारागिराच्या छातीत जातो.

पाइपाच्या मापावरून दुकानात वाद होतात, म्हणून थोडा हिशेब. बोलेरो पिकअपचं इंजिन अडीच लिटरचं आहे. दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण हवा घेतं, म्हणजे २४०० आरपीएमला मिनिटाला ३००० लिटर. टर्बोमुळे प्रत्यक्षात जास्तच. हीच हवा ४०० अंशांच्या धुरात फुगून दुपटीहून अधिक होते. एवढा वायू ५० मिलिमीटरच्या पाइपाऐवजी ४५ मिलिमीटरच्या पाइपातून काढायचा म्हटलं तर फरक पाच मिलिमीटरचा दिसतो, पण अडथळा सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. घाटात भरलेली गाडी दम टाकते ती अशाने. म्हणून जुन्या पाइपाचं आतलं माप घ्या आणि नवा तेवढाच घ्या. वाकवलेला पाइप वळणाच्या जागी चपटा झाला असेल तर मापाला अर्थ उरत नाही. वळणावर बोट फिरवून गोलाई तपासा.

माप वाढवलं तर ताकद वाढेल का, हा प्रश्न तरुण मालक हमखास विचारतात. रेसिंगची चित्रं चिकटवलेले ‘फ्री फ्लो’ डबे त्यासाठीच विकले जातात. टर्बो डिझेलमध्ये डिझेल किती सोडायचं ते कंट्रोल युनिट ठरवतं. डबा पोकळ केला म्हणून ते जास्त डिझेल देत नाही. आवाज वाढतो, एवढंच.

चांगला डबा वाईट फिटिंगने वर्षात जातो, आणि वाद नेमका इथे होतो, कारण दुकानदार पत्र्याला दोष देतो आणि मालक दुकानदाराला. इंजिन रबरी पायांवर डोलतं, चासी रस्त्यावर पिळवटते. हा हिसका जाळीदार लवचिक तुकडा आणि रबरी हँगर पचवतात. लवचिक तुकडा फाटला म्हणून त्या जागी सरळ पाइप वेल्ड केला तर तोच हिसका मॅनिफोल्डच्या बोल्टवर जातो. हँगरचं रबर तुटलं म्हणून तार बांधली, तर तार कंप थेट बॉडीत पाठवते. नवा डबा घेतला की रबरं नवीनच घ्या. ती सगळ्यात स्वस्त असतात.

दुसरं असं की रिकामी पिकअप उंच उभी असते. एक-दीड टन माल चढला की पाटे दबतात आणि मागचा ॲक्सल चासीच्या जवळ येतो. रिकाम्या गाडीत चार बोटं अंतर ठेवून काढलेला पाइप भरल्यावर ॲक्सलवर आदळू शकतो. फिटिंग झाल्यावर गाडी भरून एकदा खाली वाकून बघाच. प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग आणि खाली टांगलेली स्टेपनी यांच्यापासून पाइप दूर आहे ना, हे आधी पाहा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर, पाइप तापून थंड झाला की क्लॅम्प पुन्हा आवळावे लागतात. ती एक खेप कारागिराकडून आधीच कबूल करून घ्यावी.

बीएस ६ गाडीवाल्यांना एक जादा सल्ला गॅरेजमध्ये मिळतो: ‘डीपीएफ काढून टाका, कटकट मिटेल.’ डीपीएफमध्ये साचलेली काजळी ६०० अंशांच्या आसपास जाळून टाकली जाते, आणि छोट्या फेऱ्यांत ते तापमान गाठलं जात नाही म्हणून दिवा लागतो. ते खरं दुखणं आहे. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून अर्धा तास हायवेवर सलग गाडी चालवणं, नाहीतर सर्व्हिस सेंटरला यंत्र लावून काजळी जाळून घेणं. डीपीएफ काढला तर दाबाचे आणि तापमानाचे सेन्सर लगेच बोंब मारतात आणि इंजिन ताकद कमी करतं. इंजिनाचं कंट्रोल युनिटही फसवून देणारे लोक आहेत, पण मग धूर पीयूसीत अडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. कलम १९०(२) खाली आवाज किंवा धुराचा नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बंद अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. शिवाय आपली गाडी व्यावसायिक. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला न्यावीच लागते.

पैशाचा हिशेब काउंटरवरच्या भावाने करू नका. उदाहरणापुरते आकडे घेऊ. साधा डबा २,००० रुपयांना, टिकतो दीड वर्ष. ४०९ चा ४,००० ला, टिकतो तीन वर्षं. मजुरी आणि बुडालेलं भाडं मिळून दर वेळी १,५००. सहा वर्षांत साधा डबा चारदा बदलेल, म्हणजे १४,००० रुपये. ४०९ चा दोनदा, म्हणजे ११,०००. गाडी पुढच्या वर्षी विकायची असेल तर मात्र हाच हिशेब उलटा पडतो आणि साधा डबाच शहाणपणाचा ठरतो. म्हणून दुकानात जाण्याआधी गाडी अजून किती वर्षं ठेवणार, हे घरी ठरवून निघा.

बिल पक्कं घ्या, त्यावर ग्रेड, गेज आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. आणि जुना माल दुकानात सोडून येऊ नका. डबा भंगारात लोखंडाच्या भावाने जातो. कन्व्हर्टर बदलला असेल तर त्याच्या आतल्या चिनीमातीच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा थर असतो, आणि त्याची किंमत लोखंडाच्या भावाने होत नाही.