मिशन बोर्डिंगचे माजी विद्यार्थी : संपर्क कशासाठी?

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की आपल्याला प्रस्थापितांच्या शाळा आठवतात. तिथे जुने सवंगडी भेटतात, ओळखी वाढतात, एकाच्या मुलाला दुसऱ्याच्या कचेरीत चिकटवले जाते. जे मिळाले ते टिकवण्यासाठी त्यांना एकमेकांची गरज असते. मिशन बोर्डिंगमध्ये शिकलेल्या आम्हा महारामांगांच्या पोरांचे तसे नाही. आम्ही एकमेकांना शोधतो ते आपण कोण होतो याचा पुरावा गोळा करण्यासाठी. हे विधान भावनेच्या भरात केलेले नाही. त्यामागे इतिहास आहे आणि कायदाही आहे. दोन्ही नीट समजून घेतले पाहिजेत.

मुळात ही बोर्डिंगे का निघाली? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. मुंबई इलाख्यात ही स्थिती होती. शाळा सरकारी असली तरी तिचा उंबरठा गावाच्याच ताब्यात होता. अशा वेळी मिशनऱ्यांच्या शाळांचे दार उघडे होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, ठाणे दिले. १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. पुढे १८७६-७८ चा दुष्काळ आला, १८९९-१९०० चा छप्पन्या आला. पोरक्या मुलांना सांभाळण्याच्या निमित्ताने मिशनची वसतिगृहे वाढली. महारवाड्यामांगवाड्यातली पोरे तिथे भाकरीसाठी गेली आणि अक्षर घेऊन बाहेर पडली.

वसतिगृहाचे महत्त्व आपल्या पुढाऱ्यांनी पुरते ओळखले होते. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढले. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले. नुसती शाळा पुरत नव्हती. गावात राहून शिकणाऱ्या पोराला संध्याकाळी बापाबरोबर येसकरकीची भाकर मागायला जावेच लागे. बोर्डिंगने ते पोर गावाच्या हातातून सोडवले. बोर्डिंगचा खरा अर्थ हा आहे.

मी १९७० नंतरच्या काळात नगर जिल्ह्यातल्या अशाच एका मिशन बोर्डिंगमध्ये सहा वर्षे काढली. पत्र्याची पेटी, पहाटेची घंटा, ज्वारीची भाकरी, पातळ वरण, रात्री प्रार्थना. तिथे मला कोणी दुरून पाणी वाढले नाही, हे मी कधीही नाकारणार नाही. पण त्याच बोर्डिंगात महारांची पोरे एका ओळीत आणि मांगांची दुसऱ्या ओळीत जेवत. तसा नियम कोणी लिहिला नव्हता, पण तो मोडायलाही कोणी सांगितले नाही. पुढे लग्नाची वेळ आली तेव्हा ख्रिस्ती घरांनीही पोटजात विचारलीच. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघत नाही, हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. पंगतीत बसून शिकलो.

शाळा सुटली आणि आम्ही तीन वाटांनी गेलो. काही घरे ख्रिस्ती राहिली. काही घरांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्धाचा मार्ग धरला होता आणि शिक्षणापुरती मुले बोर्डिंगात ठेवली होती. काहींच्या कागदावर हिंदूच राहिले. माझ्या वर्गात एकाच आज्याची दोन नातवंडे होती, एक बौद्ध, एक ख्रिस्ती. घर एक, वाडा एक, गावाने दिलेले काम एक. कायद्याने मात्र त्यांना वेगवेगळे केले.

ते कसे, ते पाहू. १० ऑगस्ट १९५० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज इतर धर्म पाळणाऱ्याला अनुसूचित जातीत स्थान नाकारले. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, पण अनुसूचित जातीचे हक्क त्यांना नाहीत. म्हणजे त्या दोन नातवंडांपैकी एकाला जे मिळाले ते दुसऱ्याला मिळाले नाही, जरी दोघांच्या आज्याच्या पाठीवर ओझे एकच होते.

आता संपर्काचा प्रश्न इथे कसा येतो? जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा मागतात. आमच्या बापजाद्यांकडे सातबारा कुठला? त्यांचे नाव कुठे लिहिले गेले असेल तर ते शाळेच्या दाखलखारिज नोंदवहीत किंवा मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. काही नोंदींत ‘महार’, ‘मांग’ असे लिहिलेले सापडते, काहींत नुसते ‘ख्रिस्ती’. एका शब्दावर नातवाचे शिक्षण अडते. अशा वेळी कोणत्या वर्षी कोण वर्गात होते, कोणाचा बाप कोणत्या गावचा, कोणाचे आडनाव मागाहून बदलले, हे सांगू शकतो तो बोर्डिंगचा जुना सोबतीच. कोणती वही कोणत्या कपाटात आहे हेही त्यालाच ठाऊक असते.

दुसरे कारण याहून मोठे आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात सूसाई खटला झाला. अर्जदार मद्रासचा, चर्मकाम करणारा दलित ख्रिस्ती होता. न्यायालय म्हणाले की धर्मांतरानंतर जात उरते एवढे दाखवून भागणार नाही, जातीमुळे येणारी हीनता आणि मागासलेपण नव्या धर्मातही तितकेच तीव्र आहे हे दाखवले पाहिजे. पुढे २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली याच प्रश्नाचा विचार करण्यासाठी न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. न्यायालय पुरावा मागते, आयोग पुरावा मागतो. हा पुरावा कोणाजवळ आहे? पंगतीच्या दोन ओळी ज्यांनी पाहिल्या त्यांच्याजवळ. ती माणसे एकेक करून जात आहेत.

आमचा संपर्क साधा आहे. एका निवृत्त शिक्षकाने दोनशे पानी वहीत वर्षवार नावे लिहायला सुरुवात केली. आधी पोस्टकार्डे जात, आता मोबाइल आहे. नाताळ, चौदा एप्रिल आणि मयत, या तीन निमित्तांनी माणसे भेटतात. त्यातही मयतीला सर्वांत जास्त. मुलींची नावे शोधणे सर्वांत कठीण गेले. लग्नानंतर नाव बदलते, आडनाव बदलते, गाव बदलते. त्यांना सासरच्या नावाने शोधून उपयोग नव्हता, माहेरच्या वाड्यावर जाऊन विचारावे लागले. ज्या सापडल्या त्यांनी स्वयंपाकघरातले, दुखण्यातले, कपडे धुण्याच्या पाळ्यांमधले असे सांगितले की जे आम्हा मुलांना दिसलेच नव्हते.

या कामात धोकेही आहेत. मेळावा हा साहेबलोकांच्या गुणगानाचा कार्यक्रम होऊ शकतो. जे शिकून पुढे गेले तेच व्यासपीठावर बसतात. सातवीत नापास होऊन ऊसतोडीला गेलेला सोबती भाड्याला पैसे नाहीत म्हणून आणि लाज वाटते म्हणून येत नाही. खरे तर बोर्डिंगचा इतिहास त्याच्यावाचून अपुरा आहे. ज्याला बोर्डिंगने तारले नाही, त्याची साक्ष आधी घेतली पाहिजे. दुसरा धोका धर्माचा. कोण बौद्ध, कोण ख्रिस्ती यावरून हेवेदावे सुरू झाले की वही बंद पडते. म्हणून आमच्या वहीत धर्माचा रकाना नाही. नाव, बापाचे व आईचे नाव, मूळ गाव, बोर्डिंगात आल्याचे वर्ष, सोडल्याचे वर्ष आणि का सोडले, एवढेच रकाने आहेत. ‘का सोडले’ हा रकाना वाचला तरी आपल्या समाजाच्या शिक्षणाची कथा कळते.

माझी शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती आहे. आपापल्या भागातल्या जुन्या बोर्डिंगच्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढा. मूळ वही आहे तिथेच ठेवा, प्रती दोन ठिकाणी ठेवा. म्हाताऱ्या माणसांचे बोलणे त्यांच्याच बोलीत उतरवा, ते सुधारू नका. तारीख आणि गाव लिहायला विसरू नका. ज्यांनी आपल्याला शिकवले त्यांचे उपकार मानायचे की नाही, हे प्रत्येकाने आपापले ठरवावे. पण आपल्या नावांची यादी आपण स्वतः राखली नाही, तर आपण कोण होतो हे उद्या दुसरा कोणी ठरवील. आणि तो ठरवील ते आपल्या सोयीने ठरवणार नाही.