अमका तिकडे जाणार म्हणे!

दोस्तांनो, मधल्या सुट्टीत दोन गट पाडायचे असले की तुम्ही काय करता? दोन दांडगे भिडू कप्तान होतात. बाकीचे जोडीजोडीने गळ्यात हात टाकून बाजूला जातात, कानात कुजबुजतात आणि परत येऊन विचारतात, "तुला चांद पाहिजे की सूरज?" कप्तान एक नाव घेतो, त्याला एक गडी मिळतो, उरलेला दुसऱ्याकडे. नाहीतर सरळ पाळीपाळीने गडी घ्यायचे: एक तुझा, एक माझा. तेवढ्यात कुणीतरी पचकतोच, "हा आज त्यांच्याकडूनच खेळणार म्हणे. आधीच ठरलंय त्यांचं!"

बस्स! तुमच्या शाळेच्या मैदानावर जे चालतं, तेच जगातल्या मोठमोठ्या संघांत चालतं. फरक इतकाच की तिथे गळ्यात हात टाकण्याऐवजी कोट-टाय घालून टेबलाभोवती बसतात, आणि 'म्हणे' म्हणणारे लाखो असतात.

पाळीपाळीने गडी निवडण्याच्या पद्धतीला 'ड्राफ्ट' म्हणतात. ती गाजली अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये. (तिकडचा फुटबॉल वेगळा बरं का! चेंडू लांबुळका, आणि तो हातात घेऊन पळायचं.) १९३५ साली फिलाडेल्फियाच्या 'ईगल्स' संघाचे मालक बर्ट बेल यांनी सुचवलं, की कॉलेजांतून येणारी नवी पोरं ज्याच्याकडे पैसा जास्त त्यानेच पळवू नयेत. जो संघ गेल्या वर्षी सगळ्यांत खाली होता, त्याने सगळ्यांत आधी निवड करावी. कल्पना न्यायाची होती. त्यात गंमत अशी की सगळ्यांत खाली होता खुद्द बेलसाहेबांचाच संघ!

पहिली निवड झाली ८ फेब्रुवारी १९३६ रोजी, फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात. खोलीतल्या फळ्यावर ९० नावं लिहिली होती. आता विचार करा. तेव्हा टीव्ही नव्हता, आणि गावोगाव फिरून खेळाडू हेरणारी माणसं संघांनी ठेवलेली नव्हती. मग ही नावं आली कुठून? वर्तमानपत्रांतून आणि ऐकीव गोष्टींवरून! 'तिकडचा तो पोरगा लई भारी आहे म्हणे,' या आधारावर पहिला ड्राफ्ट पार पडला. पहिलं नाव पुकारलं गेलं जे बरवँगर याचं. आणि तो त्या स्पर्धेत एकही सामना खेळला नाही! त्याने मागितलेला पैसा कुणी दिला नाही. तो फोम रबर विकायच्या धंद्यात पडला आणि तिथे त्याचं छान चाललं. उलट २००० साली एक पोरगा १९९ व्या क्रमांकावर कसाबसा निवडला गेला. त्याच्या आधी १९८ जणांना पसंती मिळाली होती. त्याचं नाव टॉम ब्रॅडी. त्याने पुढे ७ वेळा अमेरिकेतली सगळ्यांत मोठी स्पर्धा जिंकली.

आपल्याकडेही फुटबॉलचा असा ड्राफ्ट झालाय, आणि तोही मुंबईत. इंडियन सुपर लीग सुरू होण्याआधी २२ आणि २३ जुलै २०१४ रोजी ८४ भारतीय खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडले. २०१५ मध्ये जोडीला लिलावही झाला. त्यात सुनील छेत्रीला मुंबई सिटीने १ कोटी २० लाखांना घेतलं, तर पुण्याच्या संघाने युजिनसन लिंगडोहसाठी १ कोटी ५ लाख मोजले. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड जमशेदपूरने केली, बचावपटू अनस एडथोडिकाची. पुण्याचा तो संघ २०१९ मध्ये बंदच झाला. ज्या संघात कोण येणार यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद रंगायचे, तो संघच उरला नाही!

पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, चिखली-मेहकरपासून मलकापूर-संग्रामपूरपर्यंत, खरा जीव अडकतो तो कबड्डीत. म्हणून आता प्रो कबड्डीच्या लिलावाकडेच वळू.

ड्राफ्टमध्ये पाळी असते, लिलावात बोली. आपल्या बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगाभोवती व्यापारी उभे राहून भाव चढवतात, तसंच. २०२३ चा लिलाव ९ आणि १० ऑक्टोबरला मुंबईत झाला. प्रत्येक संघाच्या थैलीत ५ कोटी रुपये. खेळाडूंचे चार गट, आणि त्यांच्या बोलीची सुरुवात ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाखांपासून. शिवाय एक गमतीदार हत्यार: खेळाडूवर शेवटची बोली लागली, की त्याचा जुना संघ कार्ड दाखवून म्हणू शकतो, "तेवढेच पैसे आम्ही देतो, गडी आमचा!"

आता वावड्या का उठतात ते बघा. (वावडी म्हणजे पतंग. धागा कुणाच्या हातात आहे ते खालून दिसत नाही, म्हणून तर अफवेला वावडी म्हणत असावेत, असा आपला माझा अंदाज!) समजा, तुम्ही एका संघाचे मालक आहात आणि तुम्हाला एक चढाईपटू हवाच आहे. तुम्ही ते गावभर सांगाल का? मुळीच नाही. शेजारचा मुद्दाम भाव चढवील आणि तुमची थैली रिकामी करील. उलट तुम्ही हळूच सोडून द्याल, 'आम्हाला यंदा बचावपटू पाहिजे बुवा.' दुसरीकडे, खेळाडूचं काम बघणाऱ्याला वाटतं की चार संघ त्याच्या गड्याच्या मागे लागलेत असं लोकांनी बोलावं, म्हणजे बोली चढेल. आणि बातमी देणाऱ्यालाही रोज काहीतरी छापायचं असतं. म्हणजे जो तो बोलतो, पण ज्याला नक्की माहीत आहे, तो नेमका गप्प बसतो. लिलाव सुरू होईपर्यंत तर त्यालाही पक्कं माहीत नसतं, कारण समोरचा किती पैशांपर्यंत जाईल हे त्याला कुठे ठाऊक?

थोडं गणित करा. २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. ५ कोटींतून एवढे गेले, उरले २ कोटी ३९ लाख ५० हजार. संघात कमीत कमी १८ गडी हवेत. म्हणजे उरलेल्या १७ जणांच्या वाट्याला सरासरी १४ लाख! वहीत आकडा मांडलात की, 'आमचा संघ अमक्यालाही घेणार आणि तमक्यालाही घेणार' यातल्या निम्म्या गप्पा जागच्या जागी फुसक्या होतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार.

बरं, घेतल्यावर तरी काय होतं? त्याच पवनला २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं. तेव्हाचा तो विक्रम. झालं काय? पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो वर्षभर बाहेर बसला. आता संघ बुडाला, असं सगळ्यांनी धरलं. तर तोच संघ त्या वर्षी पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला! पुढच्या वर्षी टायटन्सने त्याला आणखी महाग घेतलं, पवन खेळलाही, आणि टायटन्स आले शेवटचे. ते विजेतेपद नेलं पुणेरी पलटणने, आपल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली. अस्लम संघात आला तो कोट्यवधींची बोली लागून नव्हे, नव्या तरुण खेळाडूंच्या गटातून. मात्र त्याच पुण्याने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाखही मोजले होते, हे विसरू नका. महाग गडी वाईट आणि स्वस्त गडी चांगला, असा सोपा नियम इथे नाही. शादलू २०२४ मध्ये हरियाणाकडे गेला, तर तोही संघ जिंकला. लोक म्हणाले, हा तर परीस! २०२५ मध्ये त्याला गुजरातने २ कोटी २३ लाखांना घेतलं, आणि करंडक गेला दिल्लीला.

माझा आवडता किस्सा मात्र सिद्धार्थ देसाईचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी हे त्याचं गाव. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं, तेव्हा चर्चा भलत्याच नावांची होती. त्या लिलावात पहिल्यांदाच खेळाडू कोटीच्या घरात गेले होते, सगळ्यांचं लक्ष तिकडे. या गड्याने पहिल्याच हंगामात चढायांचे २१८ गुण काढले! पुढच्या वर्षी त्याचा भाव १ कोटी ४५ लाख.

भाकितांचा विषय निघाला आणि भेंडवळ आठवलं नाही, असं बुलढाणेकराचं होईल का? जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. कडेने अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पापड, पुरी, करंजी. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. पहाटे दाणे कुठे सरकले, ढेकूळ किती भिजलं ते पाहून पावसाचं नि पिकांचं भाकीत सांगतात. दूरदूरचे शेतकरी ऐकायला जमतात. तुमच्यातले काही जण आजोबांबरोबर गेलेही असतील. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या पोटात जो गोळा येतो, तो समजून घेतला की एवढे लोक का जमतात ते कळतं. पण दाणा वाऱ्याने सरकतो, मुंगी ओढून नेते. त्याचा जुलैतल्या ढगांशी संबंध जोडता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी हे वेळोवेळी सांगितलंय. मला वाटतं, भेंडवळचं भाकीत काय आणि लिलावाचं काय, खरी गोम पुढेच आहे. जे बरोबर आलं ते वर्षानुवर्षं सांगितलं जातं आणि जे चुकलं ते दुसऱ्या दिवशी विसरलं जातं!

म्हणून एक उद्योग करा. शंभर पानी वही घ्या. लिलावाआधी जे जे ऐकाल ते लिहा: काय ऐकलं, कुणाकडून, कोणत्या तारखेला. सांगणाऱ्याला विचारा, "तुला कुणी सांगितलं?" उत्तर 'सगळेच म्हणतात' असं आलं, तर त्यापुढे फुली मारा. लिलाव झाला की वही उघडा आणि किती खरं निघालं ते मोजा. दोघा-तिघांनी मिळून केलं तर धमाल येईल. स्वतःचे अंदाजही लिहा हं, आणि मागाहून खाडाखोड करायची नाही!

आता थोडं आपल्या अंगणातलं. आईबाबांनीही हा भाग वाचावा. शालेय स्पर्धा तालुक्यावर होतात, मग जिल्ह्याला, मग अमरावती विभागाला, मग राज्याला. संघनिवडीची चाचणी जवळ आली की तिथेही कुजबुज सुरू होते. "काहून जातं रे? त्याहिचे पोरं आधीच ठरले म्हणते!" कधी कधी वशिला चालतोही, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हे वाक्य ऐकून जो घरी बसला, त्याची निवड न होणं मात्र शंभर टक्के पक्कं झालं, आणि ज्याने ते वाक्य सोडलं तो स्वतः बहुतेक वेळा चाचणीला हजर असतो. निवडीत गडबड दिसली तर गुण, वेळ, नावं लिहून शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. मात्र त्यासाठी आधी चाचणी द्यावी लागते.

दुसरी गोष्ट याहून वाईट. "तुमचा मुलगा आमच्या नजरेत भरलाय, मोठ्या संघाच्या शिबिरात जागा आहे, उद्यापर्यंत इतके हजार भरा," असा फोन. खेळाडू हेरणारी माणसं असतात हे खरं आहे, म्हणून तर असला फोन खरा वाटतो. क्रिकेटच्या नावाने अशा फसवणुकीचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. शेत गहाण टाकून पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी मागा: लेखी पत्र, संस्थेचा पत्ता, आणि एक दिवसाची सवड. संघटनेच्या कार्यालयात किंवा शाळेतल्या क्रीडा शिक्षकांकडे चौकशी करेपर्यंत जो थांबायला तयार नाही, त्याला पैसे देऊ नका. लिलावात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की पैसे संघ खेळाडूला देतो, खेळाडू संघाला नाही!

काही खेळ असे आहेत, की तिथे वावड्यांना जागाच कमी. आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जवकार धनुर्धर आहे. तिरंदाजीत चाचणीला बाण मारायचे, गुण मोजायचे, वरचे घ्यायचे. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत अंतिम लढतीत त्याच्यासमोर होता जगात पहिल्या क्रमांकाचा नेदरलँड्सचा माइक श्लोसर. तिथे कुणाचं नाव मोठं हे लक्ष्याला माहीत नसतं. प्रथमेशचे गुण झाले १४९, श्लोसरचे १४८. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश यांनी दक्षिण कोरियाला हरवून सांघिक सुवर्ण आणलं, २३५ विरुद्ध २३०.

तर, वहीचा पहिला रकाना आजच आखून ठेवा. आणि तालुक्याच्या चाचणीची तारीख मित्राला नाही, क्रीडा शिक्षकांना विचारा.