वर्गासमोर उभा राहणारा शिक्षक : हावभाव आणि अध्यापन

पाठाचे टाचण चोख असते, विषयाचे ज्ञान पुरेसे असते, आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. आणि तरीही पाठ रंगत नाही. मुले ऐकल्यासारखी दिसतात, पण त्यांचे चित्त अन्यत्र असते. याचे कारण शोधताना शिक्षक बहुधा पाठ्यपुस्तकाच्या भाषेकडे, शैक्षणिक साहित्याकडे किंवा मुलांच्या पूर्वतयारीकडे पाहतो. पाठभर आपण कोठे उभे होतो, आपली दृष्टी कोणावर पडली, आपले हात काय सांगत होते, याचा विचार सहसा केला जात नाही. मूल मात्र नेमके हेच पाहत असते. अक्षरे वाचू लागण्याच्या कितीतरी आधी ते माणसे वाचावयास शिकलेले असते. आईच्या कपाळावरील आठी आणि वडिलांनी दारात चपला काढण्याची तऱ्हा यांवरून घरातील वातावरण ओळखणारे सहा वर्षांचे मूल, गुरुजी वर्गात शिरताच त्यांनाही त्याच रीतीने वाचते.

आज ज्यास देहबोली म्हणतात, ती गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले असून, अंगाने बोलणे हा वाणीहून स्वतंत्र प्रकार मानला आहे. शिक्षकास याहून जवळचा नमुना हवा असल्यास तो देवळाच्या सभामंडपात सापडेल. नारदीय परंपरेतील चांगला कीर्तनकार पूर्वरंगातील निरूपण करताना बहुधा स्थिर असतो. उत्तररंगात आख्यान सुरू झाले की तोच दोन पावले पुढे येतो, खांदा किंचित वळवून एका पात्राचा दुसरा होतो, आणि ऐन प्रसंगी थबकतो. गाडगे महाराज (१८७६–१९५६) तर कीर्तनात समुदायाला प्रश्न विचारीत आणि उत्तरही त्याच्याचकडून वदवून घेत. शिक्षकाने कीर्तनकार व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. कीर्तन कधीतरी होते, वर्ग रोज भरतो. रोजच्या अभिनयाला मुले चार दिवसांत कंटाळतात. घ्यावयाचे ते एवढेच, की हालचाल आशयासाठी असावी आणि आशय नसेल तेथे ती थांबावी.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. प्रशिक्षण वर्गांतून असे हटकून सांगितले जाते की, संभाषणात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून निघाले. त्या प्रयोगांत एकेक सुटा शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवून, चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनातील आवडनावड श्रोत्यास कशावरून कळते एवढेच तपासले होते. हे प्रमाण भावना आणि मनोवृत्ती यांच्यापुरतेच आहे, असे मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. भागाकाराची रीत केवळ हावभावांनी समजली असती, तर शाळांची गरजच उरली नसती. शब्द हेच अध्यापनाचे मुख्य साधन होय. देह त्या शब्दांना साथ देतो किंवा त्यांना खोटे पाडतो. “विचारा, काही अडले असेल तर” असे म्हणता म्हणता जो शिक्षक खडू खाली ठेवून हात झटकू लागतो, त्याला कोणतेही मूल काही विचारीत नाही.

वर्गात सर्वांत काळजीपूर्वक वाटावयाची वस्तू म्हणजे दृष्टी. शालेय पोषण आहार वाढताना शेवटच्या ताटापर्यंत डाव पोहोचला की नाही, हे प्रत्येक शिक्षक पाहतो. दृष्टीची पंगत मात्र तितक्या कसोशीने वाढली जात नाही. शिक्षकाची नजर स्वभावतःच पुढच्या रांगेतील, उत्तरासाठी हात उंचावणाऱ्या चार-पाच मुलांकडे जाते, कारण तेथून तिला प्रतिसाद मिळतो. मागे भिंतीला टेकून बसलेले, ऊसतोडीच्या हंगामातून नुकतेच परत आलेले एखादे मूल पाठभर एकदाही पाहिले जात नाही, आणि हा पाठ आपल्यासाठी नाही असे ते मनाशी ठरवून टाकते. त्याला कोणी रागावलेले नसते. म्हणूनच ही उपेक्षा शिक्षकाच्याही ध्यानात येत नाही. अशा मुलाकडे टक लावून पाहण्याची गरज नाही. एक वाक्य त्याच्याकडे पाहून पूर्ण करावे आणि मग दृष्टी पुढे न्यावी, इतके पुरे. दृष्टी फिरवावयाची म्हणजे सूप पाखडल्यासारखी नव्हे.

मुलाने डोळे खाली घातले म्हणजे तो चुकला आहे वा ऐकत नाही, असेही समजू नये. वडिलधाऱ्यांपुढे मान खाली ठेवणे हा अनेक घरांत मर्यादेचा भाग आहे. अशा मुलाला “माझ्याकडे बघून बोल” असे दरडावणे म्हणजे घरची शिकवण शाळेत गुन्हा ठरविणे होय.

उभे राहण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. फळ्यावर लिहिताना बोलू नये. लिहून वळावे आणि मग बोलावे. टेबलाच्या आड उभे राहण्याची सवय सोडावी. पहिली-दुसरीची मुले सतरंजीवर बसलेली असतील, तर गोष्ट सांगताना शिक्षकानेही खाली बसावे. मान उंच करून वीस मिनिटे ऐकणे मोठ्यांनाही जड जाते. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात तेथे मात्र प्रश्न खरोखर अवघड आहे, कारण एका इयत्तेकडे तोंड करणे म्हणजे दुसरीकडे पाठ करणे. शक्य असल्यास दोन्ही गट काटकोनात बसवून त्या कोनात उभे राहावे, म्हणजे केवळ खांदा वळवून दोन्हींकडे लक्ष ठेवता येते.

हातांचा विषय याहून समृद्ध आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली किंवा पावरी बोलत शाळेत आलेल्या मुलाला पहिले काही महिने पाठ्यपुस्तकाची मराठी परकीच असते. तेथे शिक्षकाचा हात हाच दुभाषी होय. परंतु दुभाष्याने शब्द बदलू नयेत. ‘आत’, ‘बाहेर’, ‘अधिक’, ‘उरले’ यांसाठी जी खूण एकदा योजली तीच कायम ठेवावी. आज एक आणि उद्या दुसरी केल्यास आधाराचा गोंधळ होतो. मोजणीसाठी तर खेड्यातील वृद्धांची रीत उत्तम आहे. चार बोटांची तीन-तीन पेरे अंगठ्याने मोजली की बारा होतात, आणि तीनचा पाढा हातावरच उभा राहतो.

एक साधी बाब अनेकदा नजरेतून सुटते. मुलांकडे तोंड करून हवेत ‘क’ गिरविल्यास शिक्षकाला तो सरळ दिसतो, पण मुलांना उलटा दिसतो. डावे-उजवे आणि घड्याळाच्या काट्यांची दिशा यांचेही तेच. अशा वेळी मुलांकडे पाठ करून हात उंच धरणेच योग्य. पाठ करणे शोभते असा हा एकच प्रसंग.

मुलांचे हातही वाचले पाहिजेत. शिकागो विद्यापीठातील सुसान गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४ + ३ + ६ = __ + ६ या धर्तीची उदाहरणे मुलांना घालून त्यांच्या हातवाऱ्यांचा अभ्यास केला. काही मुले तोंडाने चुकीची रीत सांगत असताना त्यांच्या हातांत मात्र निराळी कल्पना दिसत होती, आणि अशी मुले शिकविल्यानंतर अधिक लवकर सुधारली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात, ज्या मुलांना योग्य दोन संख्या एकत्र दाखविणारी बोटांची खूण करावयास सांगितली, ती अधिक शिकली. “हात हलवू नको, नीट उभा राहा” ही फळ्याजवळच्या मुलाला दिली जाणारी नित्याची आज्ञा यामुळे फेरविचारास पात्र ठरते.

प्रश्न विचारल्यानंतरची स्तब्धता हाही देहबोलीचाच भाग होय. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करून १९७४ साली असे मांडले की, शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात. हा काळ तीन सेकंदांवर नेल्यास उत्तरे लांबतात, गप्प राहणारी मुले बोलू लागतात आणि “येत नाही” म्हणणे कमी होते. तीन सेकंद ऐकावयास क्षुल्लक वाटतात. वर्गासमोर ते फार मोठे असतात. त्या अवधीत शिक्षकाचे शरीर चुळबुळ करू लागते, पाय हुशार मुलाकडे वळतात, बोट त्याच्याकडे जाते. हात शांत ठेवून, चेहरा प्रसन्न ठेवून थांबणे हे सरावाने साधते. “समजले का?” या प्रश्नाला येणाऱ्या एकसुरी “हो”ने मात्र समाधान मानू नये, त्या वेळी माना कशा हलतात ते पाहावे. शेजाऱ्याकडे पाहून हललेली मान म्हणजे न समजल्याची कबुलीच असते.

छडीविषयी वेगळे लिहिण्याची वेळ येऊ नये, पण येते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. तथापि नकाशा दाखविण्याच्या निमित्ताने छडी काही वर्गांत टिकून आहे. शिक्षकाच्या मनात ती दर्शक असेल. मुलाच्या नजरेत ती छडीच असते, आणि टेबलावर तिचा एक टकटकाटही पुरेसा बोलतो. नकाशा दाखविण्यास तळहात चालतो.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पालकांसमोर बोलताना खुर्च्यांची मांडणीच अर्धे काम करते. शिक्षक खुर्चीवर आणि पालक जमिनीवर अशी बैठक असेल, तर सहकार्याचे कितीही गोड आवाहन केले तरी ते हुकमासारखे ऐकू येते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सहकाऱ्यांपुढे उपक्रम मांडताना अडचण निराळी असते : तेथे कसलेला शिक्षकही प्रोजेक्टरच्या पडद्याकडे वळून अक्षर न् अक्षर वाचीत राहतो. पडद्यावरील मजकूर श्रोत्यांना वाचू द्यावा आणि मग त्यांच्याकडे पाहून बोलावे.

स्वतःचे उभे राहणे स्वतःस दिसत नाही, ही यातील खरी अडचण. मोबाइलवर चित्रण करता येते, परंतु कॅमेरा समोर असला की मुलेही ताठरतात. द्विशिक्षकी शाळेत सोपा मार्ग असा आहे : एका शिक्षकाने वर्गाच्या बैठकीचा आराखडा कागदावर काढून मागे बसावे, आणि सहकाऱ्याची दृष्टी किंवा प्रश्न ज्या मुलाकडे जाईल त्याच्या जागी एक रेघ मारावी. आपल्या वर्गाला पाढे लेखनाचे काम दिले असता पंधरा मिनिटे सहज मिळतात. ज्या चौकोनांत एकही रेघ नाही त्यांतील नावे मग दोघांनी मिळून वाचावीत. आठवड्याने भूमिकांची अदलाबदल करावी. हा कागद पाठ घेणाऱ्या शिक्षकाच्याच स्वाधीन करावा; तो दप्तरी ठेवण्याची अथवा तपासणीच्या वेळी दाखविण्याची आवश्यकता नाही.